गाडी थांबवायला शिकवणारा दिवस: बेळगावातल्या सीपीआर वर्गाचा अनुभव

गेल्या महिन्यात बेळगावच्या एका हॉस्पिटलनं खास ड्रायव्हर लोकांसाठी एक दिवसाचा सीपीआर वर्ग घेतला. सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायचा प्रयत्न. फी २०० रुपये, त्यात सकाळचं उपीट, दोन वेळचा चहा आणि दुपारचं जेवण. मी जाऊन आलो. तेव्हापासून स्टँडवर रोज कुणी ना कुणी विचारतंय, "कसं होतं वो, जाण्यासारखं हाय काय?" प्रत्येकाला तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून लिहून काढतोय. जाण्यासारखं आहे. एक दिवसाचं भाडं बुडालं तरी जा. वर्गात उणंही आहे, ते पुढं लिहिलंय.

मी सव्वीस वर्षं गाडी चालवतो. आधी ट्रॅक्स होती, आता बोलेरो आहे. जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यातली माणसं बेळगावला न्यायची आणि आणायची, हा धंदा. पण रात्री दोन वाजता दार वाजलं तर ते भाडं नसतं. बाळंतीण असते, साप चावलेला असतो, नाहीतर छातीत कळ आलेला असतो. आमच्या भागात हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे हे कुणी विचारत नाही. गाडी कुणाची आहे आणि ड्रायव्हर जागा आहे का, एवढंच विचारतात.

वर्गाला जायचं कारण सांगतो, नाहीतर बाकीचं लक्षात येणार नाही.

२९ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. मी टिळकवाडीत पॅसेंजरची वाट बघत थांबलो होतो. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा हातातला पाना तसाच धरून बाहेर आला आणि म्हणाला, "काका, अप्पू गेला." अप्पू म्हणजे कन्नड सिनेमातला हिरो पुनीत राजकुमार. वय ४६. आमच्या घरात मराठी, पोरांची शाळा मराठी. तीन दिवसांवर १ नोव्हेंबर होता, कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि तो दिवस आमच्याकडं मराठी माणसं काळा दिवस म्हणून पाळतात. पण त्या शुक्रवारी कुणी कुणाची भाषा विचारली नाही. गॅरेजचं शटर अर्धं खाली आलं. माझ्या धाकट्यानं भिंतीवरच्या अप्पूच्या फोटोला झेंडूची माळ घातली आणि रात्री जेवला नाही.

मग स्टँडवर आठवडाभर एकच विषय. जवळ मोठं हॉस्पिटल असतं तर वाचला असता का? आमच्यासारख्यांना हा प्रश्न पहिल्यांदा सुचतो, कारण आमच्याकडं माणूस गेला की "बेळगाव लांब पडलं" असंच म्हणतात. पण अप्पू सदाशिवनगरात राहत होता, बेंगळूरच्या मधोमध. व्यायामानंतर बरं वाटेना म्हणून तो आपल्या पायानं घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. तिथं ईसीजी काढला आणि त्यांनी पुढं विक्रम हॉस्पिटलला पाठवलं. तेही शहरातच, काही मिनिटांच्या वाटेवर. बायको सोबत होती. पोचला तेव्हा प्रतिसाद देत नव्हता, हृदय थांबलेलं, मशीनवर सरळ रेष. डॉक्टरांनी खूप वेळ प्रयत्न केले आणि दुपारी अडीच वाजता गेल्याचं जाहीर केलं.

म्हणजे ज्याला सगळं जवळ होतं, तोही गाडीत बसून गेला आणि गाडीतून उतरला तो असा.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या गाडीतला एक माणूस आठवला. २०१४ चा जुलै. कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यालाच ती रात्र कळेल, वायपर चालू असून काच दिसत नव्हती. आमच्या वाडीतले एक आण्णा, वय साठीचं, छाती आवळल्यासारखी वाटते म्हणून मागच्या सीटवर लेकाच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. किणयेच्या अलीकडं लेक ओरडला, "काका, बाबा बोलेनात!" मी आरशात बघितलं. आण्णांचं तोंड उघडं, मधेच एक मोठा घोरल्यासारखा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग परत एक. मी म्हणालो, "श्वास चालू हाय रे, घाबरू नको." आणि ॲक्सिलरेटर दाबला. पिरनवाडी गेली, उद्यमबाग गेलं, तिसऱ्या गेटावर फाटक पडलेलं. तेव्हा तिथं पूल नव्हता. मालगाडी सावकाश गेली. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं, डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "किती वेळ झाला असं होऊन?"

लेकानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "अर्धा तास."

पुढं कित्येक वर्षं मी गेटाला दोष देत होतो, पावसाला देत होतो, रस्त्यातल्या खड्ड्यांना देत होतो.

आता वर्गाबद्दल. एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सकाळी साडेनऊला सुरू झाला. आम्ही बावीस जण होतो: बहुतेक ड्रायव्हर, दोन अंगणवाडीच्या बाई, एक तालीम चालवणारे पैलवान, आणि काजू कारखान्यातल्या तीन बायका. शिकवायला एक तरुण डॉक्टर, ते कन्नड आणि इंग्रजीत बोलायचे, आणि चंदगडकडच्या एक सिस्टर. खरा वर्ग त्या सिस्टरनीच घेतला. डॉक्टर एक वाक्य बोलायचे आणि सिस्टर ते आपल्या भाषेत आपल्याला पटेल असं फिरवून सांगायच्या.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती हार्ट ॲटॅक आणि हृदय थांबणं यातल्या फरकाची. मी आजवर दोन्ही एकच समजत होतो. ॲटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीनं तुंबते. माणूस शुद्धीत असतो, बोलतो, घाम फुटतो, हात-जबडा दुखतो. त्याच्याकडं थोडा वेळ असतो. हृदय थांबतं तेव्हा मात्र तिथली वीज बिघडते. ठोका पडायचा सोडून हृदय नुसतं थरथरतं, मग तेही थांबतं. माणूस जागेवर कोसळतो आणि त्याच्याकडं मिनिटं असतात. कुणी छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. आणि पहिल्यातून दुसरं कधीही होऊ शकतं, दवाखान्याच्या बाकावर, जिन्यात, गाडीत.

मग सिस्टरनी एक व्हिडिओ लावला. जमिनीवर पडलेला माणूस, तोंड उघडं, मधेच घोरल्यासारखा एक आवाज, मग शांत, मग परत एक. सिस्टर म्हणाल्या, "ह्याला श्वास समजू नका. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं शरीर असं आचके देतं. हे बघितलं की लगेच दाबायला सुरू करायचं."

मी उठून बाहेर गेलो. हॉलच्या मागं जेवणाच्या पंगतीची टेबलं रचून ठेवली होती, तिथं उभा राहिलो. सात वर्षं, दहा वर्षं मी ज्याला श्वास म्हणत होतो तो श्वास नव्हताच. थोड्या वेळानं सिस्टर आल्या. काही विचारलं नाही, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "दादा, आत या, तुमच्याच धंद्याचं पुढं हाय." एवढ्यासाठी तरी मी त्या बाईंना पैकीच्या पैकी मार्क देतो.

पुढं होतं ते हे. डॉक्टरांनी विचारलं, गाडीत पेशंट बेशुद्ध पडला तर काय करणार? आम्ही सगळे एका सुरात: गाडी पळवणार. डॉक्टर म्हणाले, "इल्ला. गाडी निल्लस्री." गाडी थांबवा. हॉलमध्ये एकदम कलकलाट झाला. सव्वीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मग त्यांनी करून दाखवलं. बाहुला आधी गादीच्या सोफ्यावर ठेवून पैलवानांना दाबायला लावलं. पैलवान घामाघूम झाले, पण गादीच खाली जायची, बाहुल्याची छाती दबतच नव्हती, आतला खटका वाजत नव्हता. तोच बाहुला फरशीवर ठेवला आणि काजू कारखान्यातल्या एका बारीक चणीच्या मावशींनी दाबला, तर पहिल्याच दणक्याला खटका वाजला. गाडीची सीट म्हणजे ती गादी. पेशंटला उतरवून रस्त्याच्या कडेला कडक जागेवर उताणं झोपवायचं. छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या अर्ध्या भागात, तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण त्यानंतर दाब हलका पडतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही. दाबायला लागण्याआधी एकानं १०८ ला फोन लावून तो स्पीकरवर ठेवायचा.

मी हात वर केला. म्हणालो, "सर, चोर्ला रस्त्यावर रेंज नाही. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास. मी थांबलो तर पेशंट जंगलातच राहणार. मग?"

डॉक्टर जरा वेळ गप्प राहिले. मला ते आवडलं, कारण तयार उत्तर फेकलं नाही. मग म्हणाले, एकाला मोटारसायकलवर रेंजपर्यंत पाठवा आणि तुम्ही तिथंच दाबा. हृदय परत चालू झालं, माणूस हलला, नीट श्वास घ्यायला लागला, की गाडीत घाला आणि निघा. ॲम्ब्युलन्स येते तेव्हा तिच्यात शॉक द्यायचं मशीन असू शकतं, तुमच्या बोलेरोत नाही. जंगलात पाऊण तास दाबून प्रत्येक वेळी यश येईल असं मी म्हणत नाही. पण न दाबता पाऊण तास पळवलेल्या गाडीतून जिवंत माणूस पोचत नाही, हे नक्की.

मला त्यातलं शेवटचं वाक्य पुरेसं होतं.

जेवणानंतर शॉक द्यायचं मशीन दाखवलं, त्याला एईडी म्हणतात. झाकण उघडलं की ते स्वतः बोलतं, चिकटपट्ट्या कुठं लावायच्या त्याची चित्रं असतात, शॉकची गरज आहे की नाही हे तेच ठरवतं. थरथरणाऱ्या हृदयाला ते शॉक देतं. सरळ रेष झालेल्याला देत नाही, तिथं दाबणं आणि औषधं एवढाच इलाज. म्हणूनच ती थरथर चालू असेपर्यंत मशीन पोचायला हवं. इथं डॉक्टरांनी क्रिस्टियन एरिक्सनची गोष्ट सांगितली. १२ जून २०२१, कोपनहेगन, डेन्मार्क आणि फिनलंडची फुटबॉल मॅच. पहिला हाफ संपत आलेला असताना तो मैदानात चालता चालता कोसळला. तिथंच दाबलं, तिथंच शॉक दिला, आणि हॉस्पिटलला जाताना तो शुद्धीत होता. पुढच्या वर्षी परत फुटबॉल खेळला. मोठं हॉस्पिटल स्टेडियमजवळच होतं, पण त्याचं हृदय हॉस्पिटलात चालू झालं नाही, गवतावर चालू झालं. ही गोष्ट अप्पूच्या चार महिने आधीची.

तेव्हा मी मनातला प्रश्न विचारलाच: अप्पूला वाचवता आलं असतं काय? डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी तिथं मी नव्हतो आणि तुम्ही पण नव्हता. दवाखान्यात एखाद्याचं हृदय सगळ्यांच्या समोर थांबलं तरी प्रत्येक जण वाचत नाही." तेवढंच बोलले. अप्पूनंतर लोकांनी त्याच्या डॉक्टरांवर इतका राग काढला की त्यांच्या घराला आणि दवाखान्याला पोलीस बंदोबस्त द्यावा लागला. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर अजिबात पटत नाही. अप्पूच्या बाबतीत हॉस्पिटल लांब होतं असं कुणालाच म्हणता येणार नाही. मला राहून राहून त्या मधल्या गाडीचं वाटतं. साधी कार होती की मशीन आणि माणूस असलेली ॲम्ब्युलन्स होती, एवढाच प्रश्न माझ्या धंद्यातला माणूस विचारू शकतो. ॲम्ब्युलन्स असती तरी वाचला असता असं छातीठोक सांगायचा अधिकार मला नाही. पण त्याच्यासारख्या घरातसुद्धा माणूस छातीत दुखताना कारमध्ये बसतो, मग आमच्या वाडीतल्या माणसाचं काय.

आता उणं. बावीस जणांत एकच बाहुला. माझ्या वाट्याला मोजून सहा मिनिटं आली. हे हातानं शिकायचं काम आहे, ऐकून येत नाही. तीन तरी बाहुले पाहिजेत. छापील कागद दिला तो कन्नड आणि इंग्रजीत. शेजारच्या ड्रायव्हरनं तो घडी करून खिशात घातला आणि परत उघडला नाही. मी हॉस्पिटलला अर्ज देऊन आलोय की मराठी कागद काढा, हवं तर आम्ही लिहून देतो. दुपारचा पाऊण तास भाषणांत गेला, पाहुण्यांचा सत्कार, शाल, नारळ. त्या पाऊण तासात सगळ्यांचा हात आणखी एकदा बाहुल्यावर फिरला असता. सर्टिफिकेट मिळालं, पण सहा महिन्यांनी परत बोलावतील काय, यावर कुणी नक्की बोललं नाही. हात विसरतो, हे त्यांनीच सांगितलं होतं.

आणखी एक चांगली गोष्ट. आमच्यातल्या बऱ्याच जणांना भीती असते, हात लावला आणि माणूस मेला तर पोलीस आपल्यालाच धरतील. डॉक्टरांनी सांगितलं की कर्नाटकात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा २०१६ चा कायदा आहे, आणि केंद्रानं मोटार वाहन कायद्यात २०१९ साली अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्यासाठी तशीच तरतूद घातलीय. हे ऐकल्यावर दोन ड्रायव्हर पहिल्यांदा पुढं येऊन बाहुल्याजवळ बसले.

शेवटच्या तासात ॲटॅकचं सांगितलं, आणि ते मला लगेच उपयोगी पडलं. छातीत दुखणाऱ्याला चालवायचं नाही, जिना चढू द्यायचा नाही. आणि थेट बेळगाव गाठायचा हट्ट धरायचा नाही. वाटेत जिथं ईसीजी निघतो तिथं आधी थांबायचं. अप्पूच्या नावानं कर्नाटक सरकारनं हृदयज्योती योजना काढलीय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो कॉम्प्युटरवरून मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरांना दिसतो, आणि गुठळीचा ॲटॅक निघाला तर ती विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तिथंच फुकट देतात. बाजारात त्याला हजारो रुपये पडतात. मग पुढं मोठ्या हॉस्पिटलला. नळी जितकी लवकर मोकळी होईल तितकं हृदय वाचतं, म्हणून पहिल्या तासाला एवढी किंमत.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, इकडून, म्हणजे कर्नाटकातून, त्याला विरोध झाला, पेपरात रोज बातम्या. उपचाराचा खर्च कुणी द्यायचा हा मोठा प्रश्न आहे, मला मान्य आहे. पण माझ्या गाडीतला माणूस बिलाच्या खिडकीपर्यंत पोचायला हवा.

गेल्या मंगळवारी पहाटे दार वाजलं. पन्नाशीचा शेतकरी, घामानं बनियन भिजलेलं, डावा हात धरून बसलेला. त्याचा भाऊ म्हणाला, "चल, बेळगावला मार गाडी, दोन तास झाले दुखूलालंय." पूर्वी मी मारली असती. आता विचारलं, "ईसीजी कुठं जवळ निघतो?" भाऊ चिडला, "सरकारी दवाखान्यात काय ठेवलंय? वाटेत मेला म्हणजे?" त्याची वहिनी दारात उभी होती, ती म्हणाली, "भावोजी, दादा म्हणतात तसं करा." पेशंटला खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं. सरकारी दवाखान्यात ईसीजी निघाला, थोड्या वेळात पलीकडून डॉक्टरांचा निरोप आला, इंजेक्शन टोचलं, आणि तासाभरानं १०८ मधून तो बेळगावला गेला, सोबत मॉनिटर आणि एक नर्स. मी मागून रिकामी बोलेरो घेऊन गेलो. परवा वॉर्डात भेटलो तर उठून बसलेला. भावानं हात जोडले आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

वर्ग परत पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आहे, फी तीच. मी स्टँडवरच्या अकरा जणांची नावं दिलीत. त्यात २०१४ च्या रात्री मागच्या सीटवर बसलेला आण्णांचा लेकही आहे. आता त्याची स्वतःची टमटम आहे. त्या आवाजाचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ लागेल तेव्हा त्याच्या शेजारी बसता यावं म्हणून माझंही नाव परत घातलंय. माझ्या गाडीत मागच्या सीटखाली प्लायवूडची एक फळी ठेवलीय, चिखलात पेशंटच्या पाठीखाली घालायला. दुसरा बाहुला आणा म्हणून सिस्टरना फोन केला होता. "बघते दादा," म्हणाल्या.